चहा नको म्हणाले मी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. मुलीला सांगितलं नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. एरवी मी गप्प बसणारी बाई नव्हे. आमच्या गल्लीत माझा आवाज शेवटच्या घरापर्यंत जातो असं म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण ही गोष्ट मनात आली की जीभ टाळूला चिकटते. तुम्हाला सांगते आहे, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. उद्या मंडईत शेजारी उभं राहून कोथिंबीर निवडलीत तरी मला कळणार नाही, हे एक बरं आहे.

गोष्ट एका गाडीची आहे. हसू नका — खरंच गाडीची. जुन्या पिकअपची, चारही चाकं ओढणाऱ्या. एका गाडीपायी बाईमाणूस कसली कबुली देणार, असं वाटेल तुम्हाला. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. एक गाडी बघितली, घेतली नाही, घरी आलो. लोक रोज गाड्या बघतात आणि सोडून देतात. त्यात काय एवढं?

थांबा. आधी मी कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कोल्हापुरात उद्यमनगरात मिस्त्री होते. डिझेल इंजिनाचं काम. मी शाळेतून आले की त्यांचा डबा घेऊन जायची, आणि डबा रिकामा होईपर्यंत तिथंच घुटमळायची. पुढं आबांना एका कानानं कमी ऐकू यायला लागलं. मिस्त्रीचा कान गेला म्हणजे गवयाचा गळा गेल्यासारखंच की! पण आबांनी ते कुणाला कळू दिलं नाही. ते मला जवळ उभं करायचे आणि हळूच विचारायचे, "शैले, वरनं टकटक येतीया का गं?" मी मान हलवायची. असं करत करत माझा कान तयार झाला. गाडीत काय चांगलं आणि काय फसवं, हे मला स्वयंपाकाच्या आधी कळायला लागलं. आई कपाळावर हात मारायची. भाकरी मला अजूनही गोल येत नाही.

त्या काळी कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की ते आबांना सोबत न्यायचे, आणि आबा मला न्यायचे. तिथं आबांची एक रीत होती. ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याच्या तोंडावर गाडीला नावं ठेवायची नाहीत. बघायची ती नीट बघायची, खाली झोपून, वर चढून, चालवून. मग ओसरीवर येऊन बसायचं. गेल्या गेल्या पाणी मिळतंच, पण चहा शेवटी यायचा. गाडी पटली असेल तर आबा कप उचलायचे, आणि मग किमतीचं बोलणं सुरू व्हायचं. पटली नसेल तर म्हणायचे, "चहा नको, पाणीच बास." एवढ्यावर सगळ्यांनी समजायचं. मालकाचा अपमान नाही, घेणाऱ्याची फसवणूक नाही. आसपासच्या गावात ही रीत बऱ्याच जणांना माहीत झाली होती. बाबू मिस्त्रीनं चहा घेतला म्हणजे गाडी खणखणीत, असं लोक बोलायचे.

आबा गेले. मागं रीत राहिली, आणि मी राहिले. माझं लग्न झालं होतं, तरी नात्यागोत्यात कुणाची जुनी गाडी घ्यायची झाली की मला बोलावणं यायचं. साडीचा पदर खोचून बाई गाडीखाली शिरते, हे बघायला अर्धं गाव जमायचं. खोटं कशाला बोलू — मला ते आवडायचं.

माझ्या नवऱ्याचं नाव विलास. तोंडानं मी नाव घेत नाही, सगळा संसार 'अहो' वर झाला. पण कागदावर घ्यायला काय हरकत आहे? विलास एका दूध संघात नोकरीला होते. शांत माणूस. ताटात जे पडेल ते खाणार, मीठ कमी असलं तरी बोलणार नाहीत. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला असा नवरा मिळाला म्हणून माझ्या माहेरी सगळे देवाचे आभार मानायचे. मीही मानायची. मला वाटायचं, हा माणूस मुळातच असा आहे, शांत.

त्यांच्या मामांची पाटगावच्या वरच्या अंगाला डोंगरात थोडी जमीन होती. मामांना मूलबाळ नव्हतं, म्हणून ती जमीन यांच्याकडे आली. लहानपणी सुट्टीत ते तिकडंच असायचे. नोकरी संपत आली तसं विलास त्या जमिनीबद्दल बोलायला लागले. हळू बोलायचे, पण बोलायचे. तिथं दोन खोल्या बांधायच्या. मधाच्या पेट्या ठेवायच्या. फणस, काजू, चार जांभळं आहेतच. अर्धा महिना तिकडं, अर्धा इकडं. "तू पन यायचंस की," असं दर वेळी म्हणायचे. हे मुद्दाम सांगते. ते मला टाकून जात नव्हते. एकदाही 'मी जातो' म्हणाले नाहीत, 'आपन जाऊ' म्हणाले.

अडचण एकच. वर जायचा रस्ता म्हणजे लाल माती आणि दगड, मध्ये ओढे. साधी गाडी पायथ्याशी सोडावी लागायची आणि पुढं सगळी चढण पायी. यांचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. त्यामुळं चारही चाकं ओढणारी गाडी असेल तरच ते घर होणार होतं, नाहीतर नाही. नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. जुनी बघायची, दणकट, मागं हौदा असलेली, म्हणजे सिमेंट, पत्रे, पेट्या सगळं त्यातनंच नेता येईल. विलास म्हणाले, "गाडी तू निवड. तू चहा घेतलास की मी घेतली." त्या माणसाचं सगळं पुढचं आयुष्य माझ्या एका कपावर ठेवलेलं होतं. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला.

बऱ्याच गाड्या बघितल्या. एकीचं इंजिन गेलेलं, एकीला रंग देऊन लपवलेले खड्डे, एकीची पुढची चाकं ओढतच नव्हती. सगळीकडे मी पाणी पिऊन उठले, आणि ते सगळं खरं होतं. मग कागलच्या पुढं, कर्नाटकाच्या सीमेकडच्या एका गावात एक गाडी आहे असं कळलं.

गाडीचे मालक जैन शेतकरी होते, वयानं आमच्यापेक्षा मोठे. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अव्वा. आम्ही स्कूटरवरनं उतरलो तसे आप्पा हात जोडून पुढं आले. "या की पावणं, सकाळधरनं वाट बघाय लागलोय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाबू मिस्त्रीची लेक न्हवं? मग गाडीची काळजी न्हाय. बघा अक्का, काय बघायचं ते बघा." पोरांनी नवी गाडी घेतली होती, ही आता शेडात उभी असायची. नदीचं पाणी गावात शिरलं होतं तेव्हा बाकी सगळ्या गाड्या बंद पडल्या, आणि हिनं शेजारची म्हातारी माणसं बाहेर काढली, असं ते सांगत होते. विकायची म्हणून सांगत नव्हते. लेकीचं कौतुक सांगावं तसं सांगत होते.

गाडी फिकट निळ्या रंगाची होती. मी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. फसवणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे पहिला धूर दिसत नाही. आप्पांनी तसं केलं नव्हतं. किल्ली फिरवली — एका झटक्यात चालू. धूर जरा आला, विरला. इंजिनात तेल भरायचं झाकण काढून मी तिथं हात धरला. इंजिन आतून झिजलेलं असलं की तिथनं फुसफुस वारा येतो. इथं काही नव्हतं. तेल बोटांवर घेऊन चोळलं, वास घेतला. पोतं अंथरून खाली शिरले. स्प्रिंगचे पाटे शाबूत, कुठं वेल्डिंगची ठिगळं नाहीत. मग चासी. चासी म्हणजे गाडीचा कणा, सगळी गाडी त्यावर बसलेली असते. मी लहान हातोडीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेले. गंज आत असला की आवाज भद्द येतो. हिचा आवाज देवळातल्या घंटेसारखा होता, शेवटपर्यंत.

मी गाडीखाली पडल्या पडल्याच हसले. आबा असते तर म्हणाले असते, "आता उठ, चहा थंड हुईल." इतकी निरोगी जुनी गाडी मी त्यांच्यासोबतही कधी पाहिली नव्हती. मला ती माझ्यासाठी हवीशी वाटली. तो आवाज रोज कानावर पडावा, असं वाटलं. आजही वाटतं.

हे सगळं कशाला सांगते? माझ्याकडून बघण्यात चूक झाली, असं तुम्ही म्हणू नये म्हणून. चूक झाली नाही.

मग चालवून बघायचं होतं. विलास स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. आप्पांच्या शेतामागं ओढा होता आणि पलीकडे मुरमाचा चढ. ओढ्याशी गाडी थांबवून विलास खाली उतरले. त्या जुन्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल चकती असते, ती हातानं फिरवल्याशिवाय पुढची चाकं ओढत नाहीत. गुडघे दुखत असताना ते चिखलात टेकून बसले, एका चाकाशी, मग दुसऱ्या. उठून आले तेव्हा पँट चिखलानं भरलेली. गिअरशेजारची दुसरी दांडी ओढली आणि गाडी ओढ्यात घातली.

गाडी घुरघुरत पलीकडे निघाली, आणि चढाला लागली. दगड, सैल मुरूम. मला वाटलं आता घसरणार. नाही घसरली. आणि विलास शीळ घालायला लागले.

इतकी वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं की या माणसाला शीळ घालता येते.

मी वळून बघितलं. तो चेहरा... कसं सांगू? त्या चेहऱ्यावर माझ्या ओळखीचं काहीच नव्हतं. डोळे मोठे झालेले, मान ताठ, दात दिसतायत. पोरसवदा म्हणतात तसा. चढ निम्मा झाल्यावर गाडी जरा अडली, तर त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणाले, "चल गं, चल माझी बाय!" आणि गाडी चढली. ते जोरात हसले. माझ्याकडे बघून नाही — समोर बघून.

माझी बाय. मला आयुष्यात कधी म्हणाले नव्हते. आमची मुलगी झाली त्या दिवशीसुद्धा माझ्याकडे बघून "बरी हाईस ना?" एवढंच म्हणाले होते.

वर सपाटीवर थांबलो. त्यांनी पश्चिमेकडे हात केला, "तिकडं बघ, पार तिकडं आपला डोंगर." दिसत काही नव्हतं, नुसती धूसर रेघ. मी हो म्हणाले. त्यांना माझ्या आवाजात काही वेगळं जाणवलं नाही.

खाली येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. म्हणजे हा माणूस असा आहे? मग माझ्या घरात इतकी वर्षं कोण बसला होता? मीठ कमी असलं तरी न बोलणारा तो — तो शांत नव्हता, तो नुसता दिवस काढत होता? मला अपमान झाल्यासारखं वाटलं. कुणी केला अपमान? कुणीच नाही. एक माणूस शीळ घालत होता, एवढंच.

ओसरीवर सतरंजी घातलेली होती. आप्पा एका बाजूला, आम्ही दोघं समोर. अव्वा आतून चहा घेऊन आल्या. पाहुण्यांसाठी ठेवलेले कप, बशीत बिस्किटं, वेलदोड्याचा वास. माझ्यापुढं ट्रे धरून उभ्या राहिल्या. हसत होत्या. विलासचा हात आधीच कपाकडे निघाला होता. त्यांना खात्रीच होती.

मी म्हणाले, "चहा नको. पाणीच बास."

विलासचा हात मध्येच थांबला. मग तो हळूहळू मागं गेला आणि त्यांच्या गुडघ्यावर जाऊन बसला. त्या हातावर अजून ओढ्याचा चिखल होता. मी चेहऱ्याकडे बघितलं नाही, हाताकडे बघत राहिले.

इथंच सगळं संपायचं, कारण रीतीप्रमाणं मालक कारण विचारत नाही. पण आप्पा सरळ माणूस. त्यांना राहवलं नाही. "अक्का, राग मानू नका," ते म्हणाले, "पर काय दिसलं तेवढं सांगा. मला काय सुदीक जाणवलं न्हाय कवा."

तिथं मला अजून एक संधी होती. म्हणता आलं असतं, रंग नाही आवडला. म्हणता आलं असतं, आमचंच मन होत नाही. तसं म्हणाले नाही. मी म्हणाले, "चासी आतून गंजली आहे. वरून कळत नाही. भरल्या गाडीनं चढावर कधीही तुटेल." बघा, किती विचार करून निवडलं. आतलं कुणाला दिसत नाही, कुणाला तपासता येत नाही. आबांकडनं शिकलेलं सगळं मी त्या एका वाक्यात वापरलं.

आप्पांनी एकदा वळून गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलासा." अव्वा ट्रे घेऊन आत गेल्या.

परत येताना मी स्कूटरवर मागं बसले होते. मला फक्त यांची मान दिसत होती. हायवेवर ट्रकांच्या आवाजात ते जरा मान वळवून म्हणाले, "तू हुतीस म्हणून. माझ्या तर डोळ्यावर झापड आलती." थोड्या अंतरानं पुन्हा म्हणाले, "चासी बदलता येत न्हाय व्हय गं?" मी म्हणाले, "येते. पण मग ती गाडी ती राहत नाही." ते बरं म्हणाले.

मला वाटलं होतं, दुसरी गाडी बघू म्हणतील. मी तयारीही केली होती मनाची — दुसरी आली तर नक्की चहा घ्यायचा, वाईट असली तरी घ्यायचा. पण त्यांनी दुसरी गाडी बघितलीच नाही. कुणी सुचवलं तर म्हणायचे, "एवढी चांगली दिसत हुती ती पन आतनं गेलेली निघाली. आता न्हाय मन लागत." जमीन काही वर्षांनी त्यांच्या मावसभावाला देऊन टाकली. तो दिवस मला आठवतो. सही करून आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. आमटीत मीठ कमी होतं. बोलले नाहीत.

आप्पा मला पुन्हा एकदा भेटले. कागलला एका लग्नात. मी त्यांना लांबूनच ओळखलं आणि जेवणाच्या रांगेत मागं सरले, पण त्यांनी मला शोधून काढलं. हात जोडले. "अक्का, तुम्ही डोळं उघडलासा," म्हणाले. त्या गाडीला नंतर गिऱ्हाईक आलं होतं. जोतिबाच्या डोंगरावर दुकानाचा माल चढवायला हवी होती एकाला, मागेल ते द्यायला तयार होता. आप्पांनी दिली नाही. "म्हाईत असताना दुसऱ्याच्या गळ्यात कशी बांधू? त्याची लेकरं बसणार त्यात." मग ठेवून तरी काय करायची, म्हणून भंगारवाल्याला बोलावून दारातच कापून घेतली.

कापली म्हणजे आतली बाजू उघडी पडली असणार. स्वच्छ लोखंड दिसलं असणार. मी कसंबसं विचारलं, "बघितलं का मग आत?"

"न्हाय बघवलं," आप्पा म्हणाले. "आत जाऊन बसलो. अव्वा रडत हुती."

आणि माझा जीव भांड्यात पडला. समोर तो माणूस डोळे पुसतोय, आणि मला काय वाटलं? सुटले. सापडले नाही. त्यांनी आग्रह करून माझ्या ताटात जिलेबी वाढायला लावली, ती मी खाल्ली. खोटं बोलले त्यापेक्षा त्या सुटकेची लाज मला जास्त वाटते.

मी स्वतःला बरीच कारणं सांगितली आहेत. तीही ऐका. त्यांचे गुडघे दुखायचे, जड क्लच झेपला नसता. डोंगरात दवाखाना नाही. मुलीचं लग्न व्हायचं होतं. मला साप दिसला की घाम फुटतो. ही सगळी खरी आहेत, आणि यातलं एकही त्या ओसरीवर माझ्या डोक्यात नव्हतं. तिथं फक्त ती शीळ होती. हा माणूस माझ्याशिवाय — माझ्यामुळं नाही, माझ्यासाठी नाही — इतका आनंदात असू शकतो, हे मला सहन झालं नाही. मी गाडीवर जळले. डोंगरावर जळले. दुसरी बाई असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

आणि गंमत बघा. तो चेहरा मी ज्या दिवशी पाहिला त्याच दिवशी माझा जीव त्याच्यात अडकला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी माझ्या नवऱ्याच्या प्रेमात पडले, म्हटलं तरी चालेल. वय बघा माझं, पण खरं आहे. तो चेहरा परत बघायला मिळावा म्हणून मी काय काय केलं! हट्टानं छोटी कार घ्यायला लावली. समुद्रावर नेलं. गच्चीवर कुंड्यांत झाडं लावली, एक फणसाचं रोपसुद्धा आणलं, कुंडीत फणस कुठं होतो का? मधाची बाटली पाटगावचीच मागवते. ते चमचाभर घेतात, छान आहे म्हणतात. माझ्याकडे बघून हसतात, मन राखायला हसतात तसं. एकदा रंकाळ्यावर फिरताना मी म्हणाले, "अहो, शीळ घाला की." ते म्हणाले, "मला कुठं येतीया?" खरंच विसरले होते, की विसरल्यासारखं केलं?

सांगायला हवं होतं तेव्हा सांगितलं नाही. आप्पांकडे गाडी उभी होती तोवर सांगता आलं असतं, एका फोनचं काम होतं. जमिनीवर सही व्हायच्या आधी सांगता आलं असतं. मी गल्लीभर बोलणारी बाई, या एका ठिकाणी मूग गिळून बसले. आता तर गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना जिनाही धरून उतरावा लागतो. आता सांगून त्यांच्या हातात काय पडणार? असं मी म्हणते. पण हेही खरं नाही. हे कळल्यावर ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघतील ती मला बघायची नाही, एवढ्यासाठी मी सांगत नाही.

परवा जावई आले होते. त्यांना जुनी गाडी घ्यायची आहे, बघायला चला म्हणत होते. मी म्हणाले, मी आता गाड्या बघत नाही. ते हसले, का म्हणून विचारायला लागले. तर विलास खुर्चीत सावरून बसले आणि ती गोष्ट सांगायला लागले. लग्नकार्यात सांगतात, शेजाऱ्यांना सांगतात, आता जावयाला सांगत होते. गाडी कशी दिसायला देखणी होती, आपण कसे भुललो होतो, आणि हिनं कसं आतलं ओळखलं. "एवढा चढ हुता तिकडं. तुटली असती तर गेलोच हुतो दरीत. हिच्यामुळं मी आज हाय." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माया होती, खरी माया. मी पदराला हात पुसत दारात उभी होते. जावई माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी म्हणाले, "जेवायला वाढू का?"

ती गाडी चांगली होती. तिचं इंजिन चांगलं होतं, चासी चांगली होती, अजून पंधरा-वीस वर्षं ती कुठलाही डोंगर चढली असती. आणि ती चालवणारा माणूस सुखात होता. मला दोन्ही कळलं होतं, आणि मी फक्त गाडीबद्दल खोटं बोलले.